विरारचं घर, जोगेश्वरीची नोकरी: सही करण्याआधी आणि चावी मिळाल्यावर

(जोगेश्वरी पूर्व येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे.)

मजासवाडी, मेघवाडी, प्रतापनगर या आपल्या भागात एक गोष्ट वरचेवर ऐकू येते. थोरल्याचं लग्न झालं, धाकट्याचं ठरलंय, खोली तेवढीच आहे. मग कुणीतरी म्हणतं, “विरारला बघ, तिथे वन बीएचके बसतो आपल्या बजेटात.” रविवारी सगळं घर साइट बघायला जातं, सॅम्पल फ्लॅट आवडतो, टोकन देऊन परत येतं. आज बोलायचंय ते टोकनच्या आधी काय बघायचं आणि चावीनंतर काय करायचं, याबद्दल.

आधी हिशेब. पंचवीस लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के व्याज आणि वीस वर्षं मुदत धरली, तर हप्ता येतो सुमारे 21,700 रुपये. वीस वर्षांत आपण जवळजवळ 52 लाख भरतो. हा आकडा बहुतेकांनी पाहिलेला असतो. दुसरा हिशेब सहसा कुणी मांडत नाही, तो म्हणजे वेळेचा. घराच्या दारापासून कामाच्या दारापर्यंत दोन तास धरले, तर जाऊन-येऊन चार तास. महिन्याचे पंचवीस दिवस म्हणजे शंभर तास, वर्षाचे बाराशे. म्हणजे अख्खे पन्नास दिवस आणि पन्नास रात्री.

विरार-मुंबई ही लोकल तशी फार जुनी. 12 एप्रिल 1867 रोजी विरारहून बॅकबेपर्यंत पहिली गाडी धावली, तेव्हा दिवसाला जाणारी एक आणि येणारी एक एवढीच सोय होती. आज गाड्या भरपूर आहेत, पण जोगेश्वरीला फास्ट थांबत नाही. म्हणजे बोरिवलीला उतरून स्लो पकडा, नाहीतर अंधेरीपर्यंत जाऊन उलटे या. नकाशावर अंतर साधारण 36 किलोमीटर दिसतं, पण रिक्षाची रांग, पूल आणि गाडी बदलणं त्यात दिसत नाही. म्हणून साइट रविवारी बघू नका. कामाच्या दिवशी, तुमच्याच वेळेला, बिल्डिंगच्या गेटपासून ऑफिसपर्यंत एकदा प्रवास करा. घरातली बाईमाणसं नोकरी करत असतील तर त्यांनीही करावा. संध्याकाळी उलट दिशेनेही करा.

आता कागद. इथे जरा थांबतो, कारण आयुष्यभराची पुंजी बुडते ती इथेच.

नालासोपारा पूर्वेला अग्रवाल नगरी भागात 41 इमारती उभ्या राहिल्या. जमीन सांडपाणी प्रक्रिया केंद्र आणि कचराभूमीसाठी राखीव होती. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर 2024 च्या अखेरीपासून 2025 च्या सुरुवातीपर्यंत महापालिकेने त्या पाडल्या. सुमारे अडीच हजार कुटुंबं रस्त्यावर आली. ही माणसं चोरून राहत नव्हती. पैसे मोजून घर घेतलेली होती. इमारत उभी आहे आणि आत लोक राहतात, म्हणजे ती कायदेशीर आहे असं होत नाही.

तुम्ही म्हणाल, महारेराचा नंबर आहे ना! महारेरा 1 मे 2017 पासून काम करतंय आणि नंबर हवाच. पण डोंबिवलीत 65 इमारतींचं प्रकरण झालं. तिथे महापालिकेच्या परवानग्याच बनावट होत्या आणि त्या दाखवून महारेराची नोंदणी मिळवलेली होती. नोव्हेंबर 2024 मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडायचा आदेश दिला. तेव्हा नंबर मिळाला की तपासणी संपली असं समजू नका. बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्राची प्रत घ्या आणि त्यावरचा क्रमांक महापालिकेच्या नगररचना विभागात जाऊन खरा आहे का ते विचारा. सातबारा बघा, विकास आराखड्यात त्या जमिनीवर आरक्षण आहे का ते बघा. तयार घर असेल तर भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी, मागा. “येईल दोन महिन्यांत” हे उत्तर चालणार नाही. आणि हे सगळं बिल्डरने सुचवलेल्या नव्हे, तुमच्या वकिलाकडून तपासा.

पैशाचंही बघा. रेरा कायद्याप्रमाणे करारनामा नोंदवल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. भाव ठरवा तो कार्पेटवर, सुपर बिल्टअपवर नाही. पक्की पावती नसेल ती रक्कम देऊ नका.

पाण्याबद्दल थोडक्यात. एमएमआरडीएच्या सूर्या योजनेतून वसई-विरारला दिवसाला 185 दशलक्ष लिटर पाणी मंजूर आहे आणि तो टप्पा 2023 च्या अखेरीस सुरू झाला. त्यामुळे परिस्थिती आधीपेक्षा सुधारली. पण शहराला पाणी आलं म्हणजे तुमच्या टाकीत आलं असं नाही. शेजारच्या बिल्डिंगच्या वॉचमनला विचारा, मे महिन्यात टँकर किती येतात? ते पैसे मेंटेनन्समध्येच येणार आहेत.

आता चावी मिळाली. इथे लोकांना वाटतं की संपलं सगळं. माझ्या मते खरं काम इथून सुरू होतं.

नव्या कॉम्प्लेक्समध्ये काय चित्र असतं? माणसं पहाटे साडेपाचला निघतात, रात्री नऊला येतात. जिन्यात भेट झाली तरी मान हलवण्यापलीकडे बोलणं होत नाही. लिफ्ट बंद पडते, गच्ची गळते, आणि बिल्डरकडे जायला कुणाकडेच वेळ नसतो. रहिवाशांच्या या थकव्याचा फायदा बिल्डरला होतो. सोसायटी होत नाही, जमीन त्याच्याच नावावर राहते, आणि उद्या उरलेल्या जागेत आणखी एक विंग उभी राहू लागली तर एकेकटा फ्लॅटवाला काय करणार?

म्हणून तीन गोष्टी लक्षात ठेवा. एक, निम्म्याहून जास्त घरं बुक झाली की तीन महिन्यांत सोसायटी स्थापन करणं ही बिल्डरची जबाबदारी आहे. दोन, ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर तो त्याने विनाशुल्क दुरुस्त करून द्यायचा असतो. मात्र तक्रार लेखी हवी, फोटो आणि तारखेसकट. तीन, जमीन सोसायटीच्या नावावर झालीच पाहिजे. बिल्डर टाळत असेल तर जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे डीम्ड कन्व्हेयन्सचा, अर्ज करता येतो. ते झालं नाही तर तीस वर्षांनी पुनर्विकासाच्या वेळी मुलांना हाच कागद शोधत फिरावं लागतं.

हे एकट्याने होत नाही. महिन्यातून एक रविवार, एक तास, सगळ्यांनी खाली जमायचं. घरी असणाऱ्या निवृत्त मंडळींना आणि गृहिणींना समितीत घ्या. दिवसा महापालिकेत किंवा उपनिबंधकांकडे तेच जाऊ शकतात.

(श्रोत्यांमधून प्रश्न: मग घेऊ नये का विरारला?)

घ्या की! लाखो माणसं तिथे राहतात, मुलं वाढवतात. चाळीच्या खोलीतून स्वतःच्या घरात जाणं लहान गोष्ट नाही. फक्त शंभर तास महिन्याला जाणार आहेत हे घरात सगळ्यांना माहीत असू द्या, कागद आधी तपासा, आणि गेल्यावर शेजाऱ्याचं नाव पहिल्या आठवड्यात विचारा. सोसायटीच्या अर्जावर पुढे त्याचीच सही लागणार आहे.