सोळाव्या हिश्शावरचं गाव

नोव्हेंबरचा पहिला आठवडा होता. उज्जैनच्या वेधशाळेत सम्राट यंत्राच्या वक्र कठड्यावर सावलीची कड कोरलेल्या रेघांवरून सरकत होती. हातातल्या घड्याळात अकरा वाजले होते आणि सावली सांगत होती, दहा एकोणपन्नास. सहलीला आलेल्या मुलांपैकी एका मुलीने आधी मनगटाकडे, मग कठड्याकडे पाहिलं आणि विचारलं, “सर, हे चुकतंय का?” सर म्हणाले, “तिकडे तक्ता लावलाय. त्यात बघायचं आणि तेवढी मिनिटं मिळवायची.” मुलीने वहीत तक्ता उतरवून घेतला. तिचा प्रश्न तिथेच राहिला.

त्या अकरा मिनिटांत भूगोलाचा अख्खा धडा आहे. आपलं घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशावर चालतं आणि उज्जैन आहे पाऊणशेच्या जरा पुढे. त्यामुळे इथला सूर्य घड्याळाच्या सरासरी सत्तावीस मिनिटं मागे असतो. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि अक्ष कललेला, म्हणून सूर्यही वर्षभर एका चालीने चालत नाही. दिवाळीच्या सुमारास तो सोळा मिनिटं पुढे गेलेला असतो, म्हणून अंतर अकरावर येतं. फेब्रुवारीच्या मध्यात तेच एक्केचाळीस होतं. हे सगळं पाठ्यपुस्तकात असतंही, पण वेगवेगळ्या इयत्तांत विखुरलेलं.

बी.एड.च्या पुस्तकांत अभ्यासक्रमाची अधिष्ठानं शिकवतात: तात्त्विक, मानसशास्त्रीय, समाजशास्त्रीय. मग आराखड्याचे प्रकार येतात: विषयकेंद्री, बालकेंद्री, समस्याकेंद्री. परीक्षेपुरतं हे पाठ होतं. मला मात्र ‘अभ्यासक्रम’ या शब्दातला ‘क्रम’ महत्त्वाचा वाटतो. यादी कुणीही करील. सांदीपनींच्या आश्रमात कृष्णाने चौसष्ट दिवसांत चौसष्ट कला आत्मसात केल्या अशी भागवतातली कथा उज्जैनला त्या आश्रमाच्या जागी, अंकपातात, आजही ऐकवतात. तीही यादीच आहे. कशानंतर काय आणि मुळात सुरुवात कुठून, या प्रश्नांशी आलं की खरं काम सुरू होतं.

सुरुवात कुठून, याचं एक जुनं उत्तर उज्जैनच्याच नावाने लिहिलेलं आहे. भास्कराचार्यांनी ‘सिद्धांतशिरोमणी’ या ग्रंथाच्या गोलाध्यायात सांगितलं की, अवंती, म्हणजे उज्जैन, विषुववृत्तापासून पृथ्वीच्या घेराच्या सोळाव्या हिश्शावर आहे. ते अंतर सोळाने गुणा, पृथ्वीचा घेर मिळेल. आज सहावीच्या मुलालाही हे करून बघता येतं. उज्जैनपासून विषुववृत्त सुमारे २,५६५ किलोमीटर. सोळाने गुणलं की ४१ हजारांच्या आसपास जातं आणि खरा घेर आहे जवळजवळ ४० हजार. पृथ्वी गोल तर सपाट का दिसते, यालाही त्यांचं उत्तर आहे: घेराचा शंभरावा भाग सपाटच भासतो आणि माणसाच्या नजरेत त्याहून फार कमी मावतं. माहितीच्या गावापासून निघून सबंध पृथ्वीपर्यंत न्यायची ही चाल आहे.

ही विद्या नेमून शिकवायची सोय आपल्याकडे झाली होती. चाळीसगावजवळच्या पाटण इथल्या शिलालेखानुसार भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी त्यांचे आणि घराण्यातले ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला. १२०७ साली निकुंभ सामंतांनी त्याला दान दिलं. हा लेख डॉ. भाऊ दाजींनी उजेडात आणला. विषय, ग्रंथ, जागा आणि खर्चाची तरतूद, असा नेमलेल्या अभ्यासक्रमाचा पुरावा म्हणून तो वाचायला हवा. आपल्या शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांत तो मला कधी दिसला नाही, याचं वाईट वाटतं.

सहा शतकांनंतर तोच सिद्धांतशिरोमणी पुन्हा शाळेत आला, उज्जैनच्या पूर्वेला सीहोरमध्ये. भोपाळ संस्थानातला ईस्ट इंडिया कंपनीचा पोलिटिकल एजंट लान्सलॉट विल्किन्सन तिथे राहत असे. १८३४ साली बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्याने मांडलं की, इथल्या मुलांना कोपर्निकसचं खगोलशास्त्र शिकवायचं तर सुरुवात सिद्धांतशिरोमणीसारख्या सिद्धांतग्रंथांपासून करावी. पृथ्वी गोल आहे, अधांतरी आहे, हे भास्कराचार्य सांगतातच. ते पटलेल्याला पुढची पायरी चढायला वेळ लागत नाही. पुढच्याच वर्षी इंग्रजी शिक्षणाचा आग्रह धरणारं मेकॉलेचं टिपण आलं आणि कंपनीचं धोरण दुसऱ्याच वाटेने गेलं.

विल्किन्सनचा हेतू निखळ नव्हता. पुराणांवरची श्रद्धा यातून ढिली होईल, अशी त्याला आशा होती. पण त्याच्या शाळेत प्रत्यक्ष काम केलं ते पंडितांनी आणि त्यांत सुबाजी बापू हे मराठी लिहिणारे होते. १८३६ साली त्यांचा ‘सिद्धांतशिरोमणिप्रकाश’ निघाला. पुराणांचं विश्व, सिद्धांतांचं विश्व आणि कोपर्निकसचं विश्व ही तिन्ही त्यांनी मराठी वाचकासमोर शेजारी शेजारी ठेवली. तो क्रमच मला मोलाचा वाटतो. घरी ऐकलेलं आधी, मग आपल्याच परंपरेतलं गणित आणि त्यानंतर परकं वाटणारं नवं. मुलाच्या मनात जे आहे ते पुसून त्यांनी पाटी कोरी केली नाही.

वाद झालाच. पुण्याच्या यज्ञेश्वरशास्त्र्यांनी ‘विरोधमर्दन’ लिहिलं, सुबाजींचा संस्कृत ‘अविरोधप्रकाश’ निघाला. १८३७च्या सुमारास दोन्ही पुस्तिका छापून फिरत होत्या. शाळेत काय शिकवावं यावर पंडितांनी ग्रंथ लिहून भांडावं, ही त्या काळाची श्रीमंतीच म्हणायची.

विल्किन्सनच्या शाळेचा सर्वांत नामांकित विद्यार्थी म्हणजे बापूदेव शास्त्री. पुण्यात १८२१ साली जन्मलेला हा मुलगा विल्किन्सनला नागपुरात सापडला आणि सीहोरला आला. १८४२पासून ते काशीच्या संस्कृत पाठशाळेत शिकवू लागले. विल्किन्सन १८४१मध्येच वारला होता. त्याने केलेला गोलाध्यायाचा इंग्रजी अनुवाद बापूदेवांनी तपासून १८६१ साली प्रसिद्ध केला.

मात्र एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. ‘ओळखीच्या ठिकाणापासून सुरुवात’ म्हटलं तर कुणाच्या ओळखीच्या? गोलाध्याय ब्राह्मण मुलाच्या कानावरून गेलेला असे, कुणब्याच्या मुलाच्या नाही. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे याच जागेवर बोट ठेवलं. खेड्यातल्या शाळेसाठी त्यांनी मोडी आणि बालबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल, व्याकरण यांच्या जोडीला शेतीची प्राथमिक माहिती, नीती आणि आरोग्याचे धडे मागितले. अभ्यासक्रमाचं समाजशास्त्रीय अधिष्ठान म्हणजे काय, हे मला त्या निवेदनातून जितकं कळलं तितकं कुठल्याच गाईडमधून कळलं नाही.

मध्य प्रदेशात या मागणीला सर्वांत जवळ पोहोचलेला प्रयोग म्हणजे होशंगाबाद विज्ञान. किशोर भारती आणि रसूलियाचं फ्रेंड्स रुरल सेंटर यांनी १९७२मध्ये होशंगाबाद जिल्ह्यातल्या सोळा उच्च प्राथमिक शाळांत तो सुरू केला. १९७८मध्ये सगळा जिल्हा त्यात आला. १९८२मध्ये ‘एकलव्य’ संस्था निघाली आणि उज्जैनसह इतर जिल्ह्यांतल्या काही शाळांतही तो पोहोचला. मुलं गटागटाने बसत, किटमधल्या वस्तू घेऊन प्रयोग करत आणि दिसलं ते स्वतःच्या शब्दांत लिहीत. ‘बाल वैज्ञानिक’ या पुस्तकात तयार व्याख्या नव्हत्या. परीक्षेत पुस्तक उघडं ठेवायची मुभा होती आणि प्रयोगाचे वेगळे गुण होते. शिक्षकांच्या मासिक बैठका होत आणि तिथे धडे दुरुस्त होत. मुलांच्या पत्रांना ‘सवालीराम’ या नावाने उत्तरं जात. वेधशाळेतल्या त्या मुलीने हाच प्रश्न सवालीरामला लिहिला असता, तर उत्तराआधी तिला अंगणात काठी रोवून महिनाभर सावली मोजायला सांगितली असती, असं मला राहून राहून वाटतं.

२००२ साली राज्य सरकारने हा कार्यक्रम बंद केला. तीस वर्षांत तयार झालेली शिक्षकांची सवय एका आदेशाने मोडली. ज्ञान शाळेबाहेरच्या जगण्याशी जोडावं, हे २००५च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात पहिल्याच मार्गदर्शक तत्त्वात लिहिलं गेलं. त्या आराखड्याच्या समितीचे अध्यक्ष होते प्रा. यशपाल, होशंगाबादच्या प्रयोगाला सुरुवातीपासून बळ देणाऱ्यांपैकी एक.

ती मुलगी उभी होती ती उज्जैनची वेधशाळा सवाई जयसिंगाने बांधली. मोडकळीला आलेली यंत्रं शिंदे सरकारने १९२३मध्ये दुरुस्त करून घेतली आणि पुढे ज्योतिषी गोविंद सदाशिव आपट्यांनी तिचं काम सांभाळलं. सम्राट यंत्राच्या मधल्या भिंतीचा चढ उज्जैनच्या अक्षांशाइतका, म्हणजे तेवीस अंशांच्या जरा वर ठेवलेला आहे. शिसपेन्सिल, दोरा आणि कंपासपेटीतला कोनमापक असला की तो चढ बाहेरून, लांब उभं राहूनही मोजता येतो. मुलं बसकडे निघाली तेव्हा त्या मुलीच्या दप्तरातून कंपासपेटीचा खडखडाट ऐकू येत होता.