पिनाक : पाषाणचे संशोधन, मावळचा कारखाना

पिनाक ही भारतीय तोफखान्याची रॉकेट प्रक्षेपक यंत्रणा आहे. आठ चाकांच्या अवजड ट्रकवर सहा-सहा रॉकेटांच्या दोन पेट्या बसवलेल्या असतात आणि त्यांतली बाराही रॉकेटे 44 सेकंदांत सुटतात. पहिल्या आवृत्तीचे रॉकेट 214 मिलिमीटर व्यासाचे, सुमारे पाच मीटर लांबीचे आणि पावणेतीनशे किलोच्या आसपास वजनाचे आहे. त्यात स्फोटकाग्र 100 किलोचे. पल्ला जवळपास 38 किलोमीटर. एका बॅटरीत, म्हणजे तोफखान्याच्या तुकडीत, असे सहा प्रक्षेपक असतात; म्हणजे पाऊण मिनिटात 72 रॉकेटे शत्रूच्या ठाण्याकडे निघतात आणि त्यांचा माग काढून उलट मारा होण्याआधी ट्रक जागा सोडतात.

या यंत्रणेची आखणी पुण्यात झाली. सैन्याकडे तोवर सोव्हिएत बनावटीचे ‘ग्राद’ प्रक्षेपक होते आणि त्यांचा पल्ला 20 किलोमीटरच्या आसपास संपत असे. जास्त लांबवर मारा करणारे स्वदेशी रॉकेट हवे म्हणून 1986 मध्ये पिनाकला मंजुरी मिळाली. मुख्य जबाबदारी पाषाणच्या शस्त्रास्त्र संशोधन आणि विकास संस्थेकडे, म्हणजे ‘एआरडीई’कडे आली. संरक्षण संशोधन आणि विकास संघटना (डीआरडीओ) 1958 मध्ये स्थापन झाली, ही संस्थाही त्याच वर्षीची. रॉकेटच्या इंधनाचे काम पाषाणच्याच दुसऱ्या प्रयोगशाळेने केले. तिचे मूळ 1908 मध्ये नैनितालला सुरू झालेल्या रासायनिक परीक्षकाच्या कार्यालयात आहे. 1960 मध्ये ती स्फोटक संशोधन आणि विकास प्रयोगशाळा झाली आणि 1995 पासून उच्च ऊर्जा पदार्थ संशोधन प्रयोगशाळा (एचईएमआरएल) या नावाने ओळखली जाते.

रॉकेटची खरी परीक्षा इंधनात असते, आणि सर्वांत कमी बोलले जाते तेही इंधनाबद्दलच. हे घन इंधन म्हणजे रबरासारख्या चिवट बंधकात घट्ट बसवलेली भुकटी. अमोनियम परक्लोरेट ज्वलनाला लागणारा ऑक्सिजन पुरवते, ॲल्युमिनियमची पूड उष्णता वाढवते आणि ‘एचटीपीबी’ हे बहुवारिक दोन्हींना धरून ठेवते व स्वतःही जळते. परक्लोरेटचे कण बारीक असले तर जळण्याचा वेग वाढतो, जाड असले तर घटतो. म्हणून कणांच्या आकाराचे प्रमाण काटेकोर ठरवावे लागते. मिश्रण घोटण्याचे काम माणसांना दूर ठेवून, दुरून नियंत्रण करून चालते. त्यात हवेचे बुडबुडे राहू नयेत म्हणून ते निर्वात पात्रात करतात. मग मधोमध साचा उभा करून रस ओततात आणि उबेत कित्येक दिवस घट्ट होऊ देतात. साचा काढल्यावर आत पोकळी राहते. तिचा छेद ताऱ्यासारखा ठेवला, तर आतून बाहेर जळत जाताना पेटलेल्या पृष्ठभागाचे क्षेत्रफळ फारसे बदलत नाही आणि दाब बराचसा एकसारखा राहतो. एखादी भेग राहून गेली तर तिच्या दोन्ही बाजू एकदम पेटतात, दाब झपाट्याने चढतो आणि रॉकेट जागीच फुटू शकते. त्यामुळे क्ष-किरण तपासणीला पर्याय नाही. राजस्थानच्या उन्हात मऊ न पडणारे आणि लडाखच्या थंडीत तडा न जाणारे बंधक साधणे ही या रसायनशास्त्राची मोठी कमाई आहे.

प्रक्षेपकाची अडचण वेगळी. रॉकेट सुटताना ट्रकला हिसका बसतो आणि नेम अंशाच्या विसाव्या भागाइतका जरी सरकला, तरी 38 किलोमीटरवर मारा 33 मीटर बाजूला जातो. त्यावर उपाय म्हणून मारा करताना ट्रक जमिनीवर टेकणाऱ्या जलदाबाच्या पायांवर तोलला जातो आणि नेम स्वयंचलित यंत्रणा धरते.

1999 च्या कारगिल युद्धात पिनाकची चाचणी अवस्थेतली रॉकेटे डोंगरमाथ्यांवरच्या ठाण्यांवर डागली गेली. पहिली रेजिमेंट 2000 मध्ये उभी राहिली. मंजुरीपासून चौदा वर्षे लागली, आणि हा काळ जास्तच म्हणावा लागेल. प्रयोगशाळेने नमुना सिद्ध केला तरी तो शेकड्यांनी तयार करून सैन्याला पुरवणे हे स्वतंत्र काम असते. चीन युद्धानंतर 1962 मध्ये केंद्राने संरक्षण उत्पादन विभाग काढला आणि 1965 मध्ये आयात मालाला देशी पर्याय शोधण्यासाठी संरक्षण पुरवठा विभाग, त्यामागे हीच जाणीव होती. 1984 मध्ये दोन्ही एकत्र झाले.

या पुरवठ्यात पुणे जिल्ह्यातल्या मावळचा वाटा मोठा आहे. तिथल्या तळेगावला लार्सन अँड टुब्रोचे सामरिक प्रणाली संकुल आहे. प्रक्षेपक आणि लष्करी पूल यांसारखी अवजड बांधणी तिथे होते. ऑगस्ट 2020 मध्ये सहा नव्या पिनाक रेजिमेंटसाठी सुमारे 2,580 कोटी रुपयांचे करार झाले, ते लार्सन अँड टुब्रो, टाटा पॉवर आणि वाहनांसाठी बीईएमएल यांच्याशी.

दरम्यान ‘एआरडीई’ने रॉकेटला मार्गदर्शन जोडले. नाकाजवळचे छोटे पंख उड्डाणात वळतात आणि उपग्रह व जडत्व यंत्रणेच्या आधारे दिशा सुधारतात. पल्ला 75 किलोमीटरवर गेला. नोव्हेंबर 2024 मध्ये या रॉकेटाच्या अंतिम टप्प्याच्या चाचण्या पूर्ण झाल्याचे जाहीर झाले. त्याआधी 2022 मध्ये आर्मेनियाने पिनाक विकत घेण्याचा करार केला होता. 6 फेब्रुवारी 2025 रोजी पिनाकच्या दोन प्रकारच्या रॉकेटांसाठी 10,147 कोटी रुपयांचे करार झाले, आणि ते मिळालेल्या दोन्ही कंपन्या महाराष्ट्रातल्या आहेत : पुण्याची म्युनिशन्स इंडिया आणि नागपूरची इकॉनॉमिक एक्स्प्लोसिव्हज.