बसेसमध्ये ‘ई’ कुठून आला?

आजचा विषय आहे इंग्रजी अनेकवचनाचं स्पेलिंग. शाळेत नियमांची यादी घोकलेली असते, पण नोकरीचा अर्ज टाइप करताना ती नेमकी आठवत नाही. म्हणून आज यादी बाजूला ठेवू आणि कान वापरू.

आपण मराठीतसुद्धा ‘बसेस’, ‘क्लासेस’, ‘बॉक्सेस’ म्हणतो ना? स, श, च, क्स अशा आवाजांना लगेच आणखी एक ‘स’ चिकटवून बोलताच येत नाही. मध्ये स्वर घालावा लागतो. तोच स्वर स्पेलिंगमध्ये ‘ई’ होऊन बसतो. म्हणून बस, ब्रश, मॅच, बॉक्स यांना ईएस. ‘स्टमक’च्या शेवटी सीएच आहे, पण आवाज ‘क’चा, म्हणून नुसता एस. आणि ‘हाऊस’कडे स्वतःचा ई आहेच, दुसरा कशाला?

वायच्या आधी व्यंजन असेल तर वाय जाऊन आयईएस येतं: सिटी, कंपनी. स्वर असेल तर वाय जागचा हलत नाही: बॉय, डे. आडनावात हात लावायचा नाही. केनेडी मंडळींचा वाय तसाच राहतो. हसू नका, आपणही ‘विहीर’चं ‘विहिरी’ करताना दीर्घ ही ऱ्हस्व करतोच की.

ओ मात्र खरा त्रासदायक. टोमॅटो, पोटॅटो, हीरो यांना ईएस. फोटो, व्हिडिओ, पियानो यांना एस. ‘फोटो’ हे फोटोग्राफचं छोटं रूप, म्हणून साधा एस, एवढं कारण सांगता येतं. बाकीचे पाठच करा. 1992 मध्ये अमेरिकेचे उपाध्यक्ष डॅन क्वेल यांनी शाळेतल्या एका मुलाने बरोबर लिहिलेल्या ‘पोटॅटो’ला शेवटी ई जोडायला लावला होता! माझ्या मते अनेकवचनातला ई एकवचनात घुसला.

एफचंही तसंच: नाइफ, लीफ यांचा एफ जाऊन व्ही येतो, रूफ आणि चीफ यांचा नाही.

आमच्या धंद्यातली गंमत सांगतो. रुबी ऑन रेल्समध्ये मॉडेलला ‘पर्सन’ नाव दिलं की टेबलचं नाव आपोआप ‘पीपल’ होतं. त्यासाठी आत चक्क नियमांची यादी आहे, आणि शीप, इन्फॉर्मेशन, इक्विपमेंट यांना ‘बदलू नका’ असा शिक्का. तेव्हा अर्जात ‘इन्फॉर्मेशन्स’ नको.

आणि एसच्या आधी तो वरचा स्वल्पविराम तर नकोच. तो मालकी दाखवतो, म्हणून ऑटोकरेक्टही कधीकधी त्याला सोडून देतं. अर्ज पाठवण्याआधी तेवढं चिन्ह शोधून बघा.