खाचा पुसलेली रायफल

जालन्याहून भोकरदनच्या वाटेला लागलं की केदारखेडा येतं. कापूस-मक्याचा हा मुलूख आज शांत आहे. पण भोकरदन ते जाफराबाद हा टापू दख्खनच्या शस्त्रेतिहासातलं मोठं पान आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी इथल्याच असईच्या माळावर शिंदे-भोसल्यांच्या फौजा आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेचा सेनापती आर्थर वेलस्ली भिडले. इंग्रज जिंकले, तरी त्यांच्या बाजूचे दीड हजारांवर लोक ठार आणि जखमी झाले. विजय एवढा महाग पडला, याचं एक कारण हत्यारांत आहे. शिंद्यांच्या कवायती पलटणींच्या हातात चकमकीच्या बंदुका होत्या, कंपनीच्या शिपायांच्याही हातात त्याच. त्या दिवशी पायदळाच्या बंदुकीत दोन्ही बाजू तुल्यबळ होत्या.

ही बरोबरी पुढच्या पन्नास वर्षांत संपली. ती कशी संपली, हे समजायचं तर टोपीची रायफल, म्हणजे तांब्याच्या टोपीवर घोडा आदळून बार उडणारी रायफल, हाती घेऊन पाहावी लागते. जुन्या शस्त्रांच्या संग्राहकांना तोड्याच्या बंदुकीची नक्षी आणि तलवारीचं पाणी भुरळ घालतं. टोपीची रायफल त्यांच्यापुढे साधी दिसते, म्हणून मागे पडते. माझ्या मते दख्खनच्या एकोणिसाव्या शतकाचा तिच्याइतका बोलका साक्षीदार दुसरा नाही.

तोड्याच्या बंदुकीत पेटती वात रंजकाला, म्हणजे बार पेटवणाऱ्या चिमूटभर दारूला, लावावी लागे. चकमकीच्या बंदुकीत गार पोलादावर आपटून ठिणगी पडे. दोन्हींत ही दारू नळीबाहेर, कानावर असे. पावसाचे शिंतोडे आले की बार फुसका. स्कॉटलंडमधले धर्मोपदेशक अलेक्झांडर फोर्सिथ यांना पक्ष्यांच्या शिकारीचा नाद होता. कानावरचा भडका दिसताच पाखरं उडून जात. त्यावर उपाय म्हणून त्यांनी आघाताने पेटणारी स्फोटक पूड वापरली आणि १८०७ साली पेटंट घेतलं. पुढे ती पूड तांब्याच्या चिमुकल्या टोपीत बसली. टोपी नळीच्या मागच्या पोकळ बोंडावर चढवायची, घोडा तिच्यावर आदळला की ज्वाळा थेट आत जाते. दारू आणि गोळी मात्र पूर्वीसारखीच तोंडाकडून गजाने ठासायची.

१८३४ साली इंग्लंडमधल्या वुलिचला चकमक आणि टोपी अशा दोन्ही पद्धतींनी सहा-सहा हजार बार काढून पाहिले. चकमकीचे ९२२ बार फुकट गेले, टोपीचे अवघे ३६. मे १८४१ मध्ये, इंग्रजांचं चीनशी युद्ध चालू असताना, कँटनजवळ मुसळधार पावसात मद्रास फौजेच्या ३७व्या रेजिमेंटची एक कंपनी चिनी जमावात अडकली. शिपायांच्या चकमकीच्या बंदुका भिजून निकामी झाल्या होत्या. त्यांना सोडवायला टोपीच्या बंदुका घेतलेले मरीन सैनिक पाठवावे लागले. आपल्याकडच्या मृगधारा पाहिलेल्या माणसाला या फरकाचं मोल वेगळं सांगायला नको.

यानंतर आली १८५३च्या नमुन्याची एन्फिल्ड रायफल. नळी ३९ इंच, व्यास .५७७ इंच, आत तीन पेचदार खाचा. मिनिए पद्धतीची शिशाची गोळी बार उडताच फुगून त्या खाचांत बसे, गिरकी घेत बाहेर पडे आणि शेकडो यार्डांवरचा नेम साधे. तिच्याच चरबी लावलेल्या काडतुसांवरून १८५७चा भडका उडाला, हे शाळेपासून आपल्याला ठाऊक आहे. त्या जूनमध्ये औरंगाबादेत हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळातही उठाव झाला आणि तो चिरडला गेला.

या रायफलीची पुढची कथा मात्र फारशी सांगितली जात नाही. उठावानंतर देशी पायदळासाठी १८५८ आणि १८५९चे नमुने निघाले. बाहेरून पाहिलं तर तीच एन्फिल्ड. नळीत डोकावलं तर खाचा गायब. नळी आतून कोरून गुळगुळीत केलेली, व्यास .६५ इंचाच्या आसपास नेलेला, लांब पल्ल्याची सरकती माशी काढून तिथे साधी घट्ट माशी बसवलेली. गोऱ्या सोजिराला खाचांची रायफल आणि देशी शिपायाला बोथट केलेली, असा हा हिशेब होता. असईच्या माळावरची बरोबरी पुन्हा कधी होऊ नये, याची तजवीज कारखान्यातच झाली. १८७८च्या शस्त्र कायद्याने ब्रिटिश मुलखातल्या सामान्य हिंदी माणसाला परवान्याविना बंदूक बाळगणं बंद केलं. त्याआधीच शिपायाच्या हातातली बंदूक अविश्वासाची खूण झाली होती.

म्हणून जाणता संग्राहक आधी नळी पाहतो आणि मग कळपट्टी, म्हणजे घोडा बसवलेली बाजूची पट्टी. कळपट्टीवर मुकुट, त्याखाली व्हिक्टोरिया राणीची आद्याक्षरं, पुढे ‘टॉवर’ किंवा ‘एन्फिल्ड’ आणि साल. चकमकीची बंदूक मागाहून टोपीची केली असेल, तर रंजकाची पाळ काढल्यावर बुजवलेली स्क्रूंची भोकं दिसतात. खैबर भागातल्या कारागिरांनी केलेल्या नकलांत अक्षरं उलटीसुलटी पडलेली असतात. दस्त्यावरचे पलटणीचे आकडे ही तर बंदुकीची जन्मकुंडलीच. विटकरीच्या पुडीने घासून चकचकीत केलेल्या बंदुकीवरून हा सगळा मजकूर निघून जातो.

अशी बंदूक जवळ ठेवायची तर कायद्याची वाट नीट समजून घ्यावी. १८५९ची बंदूक आहे, म्हणून ती आपोआप परवान्यातून सुटत नाही. १९५९च्या शस्त्र कायद्याचं कलम ४५ जुनाट आणि पुरातन हत्यारांना सूट देतं, पण डागडुजी करूनही ती झाडता येऊ नयेत, ही अट घालतं. २०१९च्या दुरुस्तीने एका माणसाला दोनच बंदुकांची मर्यादा आली आणि वारसाहक्काची बंदूकही तीत मोजली जाते. शंभर वर्षांवरची वस्तू खाजगी माणसाला परदेशी पाठवता येत नाही, हे १९७२च्या पुरावस्तू कायद्याने ठरवलं आहे. माळ्यावर अशी बंदूक सापडली, तर आधी ती भरलेली आहे असंच समजावं. नळीतली दारू कैक वर्षं जिवंत राहू शकते. चापाला हात न लावता पोलिसांना कळवावं.

पुण्याच्या दिनकर केळकरांनी जमवलेला संग्रह महाराष्ट्र शासनाला दिला. दिवंगत मुलाच्या नावाने उभ्या राहिलेल्या त्या संग्रहालयात आज वीस हजारांवर वस्तू आहेत आणि त्यांत शस्त्रंही आहेत. संग्रहाचा शेवट असाच व्हावा. पण त्याआधी मराठवाड्यातल्या वाड्यांत आणि शस्त्रागारांत पडून असलेल्या ठासणीच्या बंदुकांची जिल्हावार नोंद झाली पाहिजे. प्रत्येकीच्या नळीचा व्यास, खाचा, कळपट्टीवरची अक्षरं आणि ती कुणाकडून आली, एवढं तरी कागदावर यावं. कुठल्या पलटणीला कोणतं हत्यार मिळालं आणि कोणतं नाकारलं गेलं, हे मग आपल्याला इंग्रजांच्या दप्तरावर विसंबून न राहता ताडून पाहता येईल.