पनीरच्या नावाखाली 'ॲनालॉग' विकलं तर शिक्षा काय? छाप्यानंतर नेमकं काय होतं, समजून घ्या

'एफडीएचा छापा, बनावट पनीर जप्त' ही बातमी सणासुदीच्या तोंडावर हमखास येते. माल नष्ट केल्याचे फोटो मोबाइलवर फिरतात. पुढे त्या विक्रेत्याचं काय झालं, हे मात्र क्वचितच कळतं.

मुळात ॲनालॉग विकणं बेकायदा नाही. दुधाच्या फॅटऐवजी पाम तेलासारखं स्वस्त वनस्पती तेल वापरून ते बनवतात. ते 'पनीर' म्हणून विकलं की कायदा मोडतो. लो-फॅट प्रकार सोडला तर पनीरमध्ये पाणी ६० टक्क्यांपेक्षा जास्त नको आणि कोरड्या घटकांत दुधाचं फॅट किमान ५० टक्के हवं.

घरी आयोडीन टाकून हे ओळखता येतं का? नाही. आयोडीनने फक्त स्टार्च कळतो. स्टार्च न घातलेलं पाम तेलाचं पनीर या चाचणीत आरामात पास होईल. रीलमध्ये हे कुणी सांगत नाही. वनस्पती तेल पकडायला प्रयोगशाळाच लागते.

म्हणून सगळी मदार नमुन्यावर असते. अन्न सुरक्षा अधिकारी त्याचे चार भाग करतात. एक अन्न विश्लेषकाकडे जातो, दोन वरिष्ठ अधिकाऱ्याकडे राहतात. विक्रेत्याने मागणी केली तर चौथा मान्यताप्राप्त खासगी प्रयोगशाळेत जातो. विश्लेषकाने १४ दिवसांत अहवाल द्यायचा असतो. दोन अहवाल जुळले नाहीत, तर रेफरल प्रयोगशाळेचा निकाल अंतिम.

आता शिक्षा. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ नुसार चुकीच्या लेबलसाठी ३ लाखांपर्यंत आणि कमी दर्जाच्या मालासाठी ५ लाखांपर्यंत दंड आहे. तुरुंगवास नाही, आणि हा निर्णय फौजदारी न्यायालय नव्हे, तर न्यायनिर्णय अधिकारी देतो. अहवालात माल 'असुरक्षित' ठरला तरच खटला फौजदारी होतो. अशा अन्नामुळे मृत्यू झाला तर किमान ७ वर्षे ते जन्मठेप. म्हणजे अहवालात 'कमी दर्जा' लिहिलंय की 'असुरक्षित', यावर सगळं ठरतं.

पूर्वी पोलीस भेसळीसाठी भारतीय दंड संहितेची कलमंही लावत. अन्न सुरक्षा कायद्याची तरतूद त्यांच्यावर वरचढ ठरते, असं सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये स्पष्ट केलं. त्यामुळे एफडीएच्या कागदपत्रांना आणखी महत्त्व आलं. कारवाईला मुदतही आहे: गुन्ह्यापासून १ वर्ष. आयुक्तांनी लेखी कारणं देऊन मंजुरी दिली तर ३ वर्षांपर्यंत.

ग्राहकाला स्वतः नमुना तपासून घेता येतो का? हो, कलम ४० नुसार शुल्क भरून. दोष सापडला तर शुल्क परत मिळतं. अट एकच, तपासणीचा हेतू खरेदीच्या वेळीच विक्रेत्याला सांगावा लागतो. एवढं ऐकल्यावर दुकानदार कोणतं पनीर काढून देईल, हे सांगायला नको! त्यापेक्षा बिल आणि पाकिटावरचा १४ अंकी परवाना क्रमांक जपून ठेवा आणि एफडीएकडे तक्रार करा. नमुना मग अधिकारी घेतील.