पंधरा पैशांचं दप्तर

दसरा झाला की आमच्याकडे माळा रिकामा केला जातो. जालन्याच्या जुन्या घरांत माळ्यावर हमखास एक पत्र्याची ट्रंक असते आणि ट्रंकेच्या तळाशी तारेत ओवलेली पत्रं. भिंतीतल्या खिळ्याला एक आकडा टांगायचा आणि आलेलं पत्र वाचून झालं की त्यात खुपसायचं, ही तेव्हाची रीत. त्यामुळे प्रत्येक कार्डाला मधोमध एक भोक असतं आणि भोकाभोवती गंजाची तांबूस कड. खुशाली, बारसं, दुखवटा, बियाण्याची चौकशी, सगळं एकाच तारेत. दिवाळीच्या आवराआवरीत ही तार बहुतेक वेळा तशीच रद्दीत जाते.

त्या तारेकडे मी गेले काही महिने वेगळ्या नजरेनं बघतो आहे. कारण आहे खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं. १९ जुलै १९३८ रोजी कोल्हापुरात जन्मलेल्या, बनारस आणि केंब्रिजमध्ये शिकलेल्या या माणसाबद्दल तेव्हा भरभरून लिहिलं गेलं. त्या लेखांत एक गोष्ट पुन्हापुन्हा येत होती. शाळकरी मुलं सहीसाठी वही पुढे करत, तेव्हा ते सही देत नसत. तुला पडलेला विज्ञानातला एखादा प्रश्न पोस्टकार्डावर लिहून पाठव, असं सांगत. मग उत्तर जाई आणि उत्तराखाली सही असे.

ही आठवण बहुतेकांनी त्यांच्या साधेपणाची खूण म्हणून सांगितली. मला मात्र कागदपत्रांच्या दृष्टीनं ती फार महत्त्वाची वाटते. पत्रव्यवहार नेहमी दोन ठिकाणी राहतो. आलेली पत्रं ज्याची त्याच्याकडे साठतात, पाठवलेली पत्रं जगभर विखुरतात. मोठा शास्त्रज्ञ गेल्यावर त्याच्या खोलीतलं कपाट कितीही काळजीनं जपलं, तरी तिथे फार तर मुलांचे प्रश्न सापडतील. उत्तरं गावोगाव गेली. पंधरा पैशांच्या कार्डावरची ही उत्तरं पुण्या-मुंबईच्या कुठल्याही ग्रंथालयाला स्वतःच्या बळावर गोळा करता येणार नाहीत.

परदेशात अशा दप्तरांची कशी निगा ठेवली जाते, ते पाहण्यासारखं आहे. अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन १९९६ साली गेला. त्याचे कागद २०१२ साली वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे आले आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये अभ्यासकांना खुले झाले. हजाराहून जास्त खोकी आहेत. त्यांत शोधनिबंधांचे खर्डे आहेत, दूरचित्रवाणी मालिकेच्या संहिता आहेत, अनोळखी माणसांची पत्रं आहेत आणि अंतराळप्रवासाची स्वप्नं पाहणाऱ्या लहानग्या कार्लनं काढलेलं एक चित्रही आहे. ते चित्र कुणीतरी फेकलं नाही, म्हणून आज कळतं की या माणसाच्या डोक्यात ग्रह-तारे केव्हापासून होते. नारळीकरांचे गुरू फ्रेड हॉईल यांचं दप्तर केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात आहे. तिथे कागदांबरोबर त्यांचे डोंगर चढण्याचे बूट आणि बर्फातली कुऱ्हाडसुद्धा ठेवली आहे. १९६४ साली गुरुशिष्यांनी गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला आणि पुढच्याच वर्षी सव्विसाव्या वर्षी नारळीकर पद्मभूषण झाले. या कामाचा माग काढायचा तर एक पाय केंब्रिजमध्ये आणि एक पुण्यात ठेवावा लागेल.

हस्ताक्षरावरून माणूस ओळखता येतो, हे नारळीकरांना पक्कं ठाऊक होतं. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली, ती नारायण विनायक जगताप या नावानं. आद्याक्षरं उलटी वाचली की ज. वि. ना. आपलं अक्षर परीक्षकांनी ओळखू नये म्हणून ती कथा त्यांनी पत्नी मंगलाताईंकडून उतरवून घेतली. पहिलं बक्षीस जगतापांना मिळालं. म्हणजे त्यांच्या विज्ञानकथालेखनाच्या आरंभाची ही महत्त्वाची प्रत त्यांच्या हातची नव्हती, एका गणितज्ञ बाईच्या हातची होती. पुढे ‘यक्षांची देणगी’ आलं, ‘प्रेषित’ आलं, २०१४ साली ‘चार नगरांतले माझे विश्व’ला साहित्य अकादमी मिळाली. पण यादी करणाऱ्यानं ‘अक्षर त्यांचं नाही’ म्हणून एखादा कागद बाजूला टाकायच्या आधी ही जगतापांची गोष्ट आठवावी.

गावोगावच्या घरांतून कागद मिळवणं आपल्याला नवं नाही. इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे बावीस खंड असेच उभे केले. वाड्यांच्या माळ्यांवरचे, वाळवीनं पोखरलेले रुमाल त्यांनी सोडवून वाचले. आमच्या जिल्ह्याला तर आणखी जवळचं उदाहरण आहे. घनसावंगी तालुक्यातलं जांब हे समर्थ रामदासांचं जन्मगाव. समर्थ संप्रदायाची हस्तलिखितं मठामठांतून मिळवून धुळ्यात सांभाळली गेली, ती शंकर श्रीकृष्ण देवांच्या चिकाटीमुळे. एका माणसानं दारोदार फिरून विचारलं, म्हणून ती आज आहेत. पोथीला लाल कापड मिळालं, ते ती देवघरात होती म्हणून. पोस्टकार्डाला देवघर कुठलं?

कार्ड सापडलंच तर ते वाचायचं कसं? तारीख पुसट असेल, शिक्का अर्धाच उमटलेला असेल, तरी पत्ता बोलतो. जालना जिल्हा झाला १ मे १९८१ रोजी. त्याआधी अंबड, भोकरदन, जाफराबाद औरंगाबाद जिल्ह्यात होते, परतूर परभणीत. ‘ता. परतूर, जि. परभणी’ असा पत्ता असेल तर कार्ड बहुधा त्याआधीचं, किंवा जुन्या सवयीनं लिहिलेलं. पिनकोड आला १५ ऑगस्ट १९७२ रोजी आणि त्याच वर्षी नारळीकर भारतात परतून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले. पाठवणाऱ्याचा पत्ता मुंबई ४००००५ असेल तर कार्ड कुलाब्याच्या काळातलं. १९८८ साली पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संस्थेची उभारणी सुरू झाली, २००३ पर्यंत ते तिचे संचालक होते, तेव्हा पुणे ४११००७ दिसला की ते पुढचं. प्रश्न हरवला असला तरी उत्तरावरून तो काय असेल हे ताडता येतं. आणि जागा केवढी? तळहाताएवढी. विश्वाच्या पसाऱ्यावरचं उत्तर तेवढ्यात बसवायचं म्हणजे प्रत्येक शब्द पारखून घ्यावा लागणार. त्यांचं मराठी गद्य इतकं नेटकं आहे, त्यात या कार्डांचाही वाटा असावा, असं मला वाटतं.

कच्चे कागद का हवेत, याचं उत्तर त्यांच्याच एका प्रयोगात आहे. फलज्योतिषाची चाचणी घेण्यासाठी त्यांनी नरेंद्र दाभोलकर, सुधाकर कुंटे आणि प्रकाश घाटपांडे यांच्याबरोबर २०० कुंडल्या जमवल्या, शंभर हुशार मुलांच्या, शंभर मतिमंद मुलांच्या. प्रत्येक ज्योतिषाला चाळीस कुंडल्या दिल्या आणि कोणती कुणाची ते ओळखायला सांगितलं. सत्तावीस जणांनी उत्तरं पाठवली. सरासरी ४६ टक्के बरोबर आली. नाणं उडवलं असतं तरी निम्मी बरोबर आली असती. हा निष्कर्ष कुणालाही पुन्हा तपासता यायला हवा, आणि त्यासाठी मूळ कागद लागतात.

जालन्याच्या आभाळाशी नारळीकरांच्या आणखी एका कामाचा धागा जुळतो. २००१ आणि २००५ साली हैदराबादहून फुगे सोडून ४१ किलोमीटर उंचीपर्यंतची हवा बंद नळ्यांत भरून आणली गेली. पृथ्वीबाहेरून सूक्ष्मजीव येतात का, हा त्यांचा प्रश्न. २००५ च्या नमुन्यांत जिवाणूंच्या तीन नव्या जाती मिळाल्या आणि त्यांतल्या एकीला हॉईल यांचं नाव दिलं. हैदराबादच्या त्या केंद्रावरून फुगे उडायचे असले की वर्तमानपत्रांत सूचना येते, उपकरणं छत्रीनं कुठे उतरू शकतील त्या जिल्ह्यांची नावं त्यात असतात आणि मराठवाड्याच्या नावांत जालनाही असतं. शेतात पेटी पडली तर उघडू नका, जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा टपाल कार्यालयाला कळवा, असं त्यात सांगितलेलं असतं. अगदी तशीच सूचना या कार्डांसाठी निघायला हवी. शाळांच्या फळ्यांवर, ग्रामपंचायतीत, बस स्थानकात.

सापडलं तर करायचं ते फार थोडं. तारेतून ओढून काढू नका, आकडा कापा. टाचणी, चिकटपट्टी, लॅमिनेशन यांतलं काहीही नको. प्लास्टिकमध्ये घातलेलं कार्ड आमच्या पावसाळ्यात घामेजतं आणि शाई पसरते. धुतलेल्या सुती कापडात गुंडाळून सपाट ठेवा, दोन्ही बाजूंचे फोटो काढा आणि कार्ड कुणाला, कोणत्या शाळेत असताना आलं, ते वेगळ्या कागदावर पेन्सिलीनं लिहा. कार्ड घरचंच राहू द्या, प्रतिमा मात्र अभ्यासकांपर्यंत पोचवा.

माझ्याकडेही एक कार्ड आहे. १९८६ साली हॅलेचा धूमकेतू आला तेव्हा मी ते लिहिलं. धूमकेतूची शेपूट नेहमी सूर्याच्या उलट बाजूलाच का असते, एवढाच प्रश्न. अक्षर चांगलं आलं नाही, शाईचा एक डाग पडला आणि इतक्या मोठ्या माणसाला असं कार्ड कसं पाठवायचं म्हणून ते भूगोलाच्या पुस्तकात राहिलं. उत्तर मला पुढे पुस्तकांत मिळालं, सूर्यप्रकाशाचा दाब आणि सूर्याकडून येणारा कणांचा वारा. परवा ते कार्ड सापडलं. त्याला भोक नाही, गंज नाही, टपालाचा शिक्का नाही. येत्या रविवारी मी अंबडला माझ्या तेव्हाच्या बाकावरच्या मित्राकडे जाणार आहे. त्यानं त्याचं कार्ड पेटीत टाकलं होतं. त्याच्या घराचा माळा अजून उतरवायचा आहे.