घोषणेच्या आधीची तालीम

गैरसमज : आधी चळवळ झाली, मग तिच्या घोषणांना संवाद जोडले आणि स्त्रीवादी नाटक तयार झालं.

वस्तुस्थिती : अमेरिकेत तरी तालीम आधी आली. नोला चिल्टन या अभिनय-शिक्षिकेच्या विद्यार्थ्यांनी 1963 मध्ये दिग्दर्शक जोसेफ चायकिनसोबत न्यूयॉर्कला ‘ओपन थिएटर’ सुरू केलं. तिथला सराव मोठा अवघड. नट आत्ता एक माणूस, पुढच्या क्षणी दुसराच; पोशाख बदलायचा नाही, विंगेत जायचं नाही. मेगन टेरींचं ‘काम डाउन मदर’ (1965) याच सरावावर उभं आहे. नट्या तीन, पण त्यांच्यातून एकामागून एक कितीतरी बायका बाहेर येतात. नटी म्हणजे आई, बायको नाहीतर वेश्या, हा साचा तिथे अंगानेच मोडला. भाषणाने तो मोडला नसता. याच गटातल्या म्युरिएल मिगेल यांनी 1976 मध्ये ‘स्पायडरवुमन थिएटर’ हा बायकांचा नाटकगट काढला.

गैरसमज : प्रायोगिक अभिनय ही पुरुष गुरूंची देणगी.

वस्तुस्थिती : पोलिश दिग्दर्शक ग्रोटोव्हस्की सगळ्यांना आठवतात. व्हायोला स्पोलिन मात्र नाहीत. त्या शिकागोच्या ‘हल हाउस’ या समाजकेंद्रात नीव्हा बॉइड यांच्याकडून खेळ शिकल्या आणि त्यांतून अभिनयाची पद्धत घडवली. चिल्टनही बाईच.

गैरसमज : मराठीतलं स्त्रीवादी नाटक ही या अमेरिकी नाटकाचीच नक्कल.

वस्तुस्थिती : हे मला मुळीच पटत नाही. स्त्री मुक्ती संघटनेचं ‘मुलगी झाली हो’ (1983) लिहिलं ज्योती म्हापसेकर या ग्रंथपाल बाईंनी. ते रंगवलं कार्यकर्त्यांनी, गाण्यांच्या आणि लोकसंगीताच्या जोरावर. नाट्यशाळेचं प्रमाणपत्र कुणी विचारलं नाही. सुषमा देशपांडे यांनी 1989 पासून ‘व्हय, मी सावित्रीबाई’ एकटीने केलं. एका बाईच्या अंगावर आणि आवाजावर उभा राहणारा असा प्रयोग अजिंठ्याजवळच्या फर्दापूर गावात शाळेच्या पटांगणातही होऊ शकतो. एरवी तिथल्या माणसाला नाट्यगृहासाठी जळगाव किंवा संभाजीनगर गाठावं लागतं. दोन्हीकडच्या वाटा वेगळ्या, पण सामान तेच : नटीचं शरीर आणि तिची आठवण.

गैरसमज : असं नाटक बाईनेच लिहायला हवं.

वस्तुस्थिती : औरंगाबादेत (आताच्या संभाजीनगरात) नाटकाची सुरुवात केलेल्या लेखक प्रशांत दळवी आणि दिग्दर्शक चंद्रकांत कुलकर्णी यांचं ‘चारचौघी’ 1991 मध्ये आलं आणि व्यावसायिक रंगभूमीवर गाजलं. लेखक पुरुष असला म्हणून बिघडत नाही. मी विचारीन ते एवढंच, की तालमीत नटीला ‘हे असं नाही’ म्हणता येतं का.